पुठ्ठ्याच्या आडोशाला

त्या दिवशी सकाळी मी कापड पसरून, कैची हातात घेऊन बसले होते आणि आमचे हे बाहेरून आले ते मोठ्या थाटात. "आईचं मतदानाचं काम करून टाकलं बरं मी! आता तिला उन्हात जायचं कामच नाही. लोक घरी येतील मत घ्यायला."

मला तर आनंदच झाला. आई म्हणजे माझ्या सासूबाई, सत्त्याऐंशीच्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. लोकसभेची निवडणूक ऐन उन्हात आलेली, आणि जबलपूरचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. पंच्याऐंशीच्या वरच्या माणसांना यावेळी घरून मत देता येणार होतं. ज्याला हवं त्यानं बारा-डी नावाचा फॉर्म भरून द्यायचा. आमच्या भागाची मतदारयादी बघणारी बीएलओ दीदी, तशी ती अंगणवाडीत आहे, तो फॉर्म आदल्या दिवशी देऊन गेली होती, आणि यांनी सकाळी तिच्या हातात भरून परतही दिला होता.

"आईंना विचारलं का?" मी म्हटलं.

"त्यात काय विचारायचं? सही घेतली ना तिची."

आमच्या घरी सहीची रीतच अशी आहे. सासरे डिफेन्सच्या फॅक्टरीत होते. ते गेल्यापासून आईंची पेन्शन, बँक, दरवर्षीचा हयातीचा दाखला, कागद काही संपत नाहीत. हे पेन आईंच्या हातात देतात, बोट कागदावर टेकवतात, म्हणतात, "आई, इथं." आणि आई सही करतात. कशाची, काहून, हे कधीच विचारत नाहीत. त्यांना वाटलं असणार, पेन्शनचंच काही असेल.

आई मागच्या अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. मी धावतच गेले. "आई, यावेळी तुमचा थाट आहे! घरी लोक येणार तुमचं मत घ्यायला. साहेब येईल, पोलीस येईल, व्हिडिओवाला येईल. लग्नच समजा!"

"अच्छा!" आई खूश झाल्या. "मशीन आणतीन?"

"मशीन नाही आणत. कागद असतो म्हणे. त्याच्यावर पेनानं खूण करायची आणि लिफाफ्यात टाकायची."

लसणावरचा हात थांबला. "मले कागद कसा दिसन? खूण कोण करन?"

हे दारात येऊन उभेच होते. "मी करीन ना! सोबतीला घरचं माणूस चालते. तू नुसती बस. आपल्या घरचं मत कुठं जाते ते काय आपल्याला माहीत नाही?"

आईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं. माझ्या सासूबाई चिडल्या की ओरडत नाहीत, आवाज उलट खाली जातो. "इतक्या वर्षांत मी मत कोणाले देलं हे तुया बापाले नाही समजलं. अन् तुले समजू देऊ?"

हे बघतच राहिले. मीही. बाप्पा! हे आम्हाला नवीनच होतं.

"म्हणजे? बाबा सांगायचे त्यालाच नाही का देत होती तू? आपल्या घराचं मत…"

"घराले मत नसते. घराले बोट आहे का?" आई म्हणाल्या. "मी मशीनवरच जाईन. माया बोटानं देईन. तो कागद वापस आण."

झालं! इकडे हे तडकले. म्हणे, चालता येत नाही, दिसत नाही, मशीनवर जाऊन करणार काय, कोणतंही बटण दाबून येशील. म्हणे, फॉर्म गेला तो गेला. आणि पाय आपटत बाहेर निघून गेले. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून यांना पाय आपटायला वेळ फार असतो.

मी आईंजवळ बसले. लसूण हातात घेतला. म्हटलं, आई, मी येते ना सोबत. बूथवरही सोबतीचं माणूस आत चालते, मी तुम्ही सांगाल तेच बटण दाबीन, शपथ घेऊन सांगते, मेले तरी कोणाला सांगणार नाही.

"तू चांगली आहेस वो," आई म्हणाल्या. "पण तू म्हणजे मी नाही ना."

मग त्यांनी सांगितलं, लसूण सोलता सोलता, जसं काही भाजीचं सांगतात तसं. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सासरे क्वार्टरच्या अंगणात खाट टाकून बसायचे आणि कोणाला द्यायचं ते जाहीर करायचे. दीर, जावा, सगळे माना डोलवायचे. "मीबी हो म्हणे. पोळ्या लाटता लाटता हो म्हणायले काय जाते? मंग शाळेत गेली, त्या पुठ्ठ्याच्या आडोशाले गेली, का मी अन् मीच. कोणी पाह्यणारं नाही, कोणी विचारणारं नाही. बाकी साऱ्या जन्मात अशी जागा मले कुठं भेटली सांग. न्हाणीत गेली तरी कोणीतरी कडी वाजवेच."

मला हसूच आलं. मी स्वतः सत्तावीस वर्षं या घरात मत देते आहे. बूथवरून परत येताना हे दरवेळी विचारतात, "बरोबर दाबलं ना?" आणि मी दरवेळी म्हणते, "हो, दाबलं." आईंसारखं काही करावं हे माझ्या डोक्यातही कधी आलं नव्हतं.

मी उठले. दीदीला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, उचलत नाही! फॉर्म एकदा वर गेला, मंजूर झाला, की यादीत नावापुढे खूण पडते आणि मग बूथवर मत देता येत नाही, एवढं मला तिनंच सांगितलेलं होतं. दुपारी ती सगळे फॉर्म जमा करायला जाणार होती. पुन्हा फोन. पुन्हा नाही! अंगणवाडीत धावले तर कुलूप. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! यांच्यावर, दीदीच्या फोनवर, त्या कुलपावर, सगळ्यांवर.

आणि एकदम आठवलं. अगं, दीदीचा ब्लाउज तर माझ्याचकडे पडलाय शिवायला! कालच मी तिला म्हटलं होतं, अस्तर नाही मिळालं तर शिवून नाही देणार, बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या अमुक दुकानात रंग बरोबर मिळतो, तिथंच जा. ती म्हणाली होती, कल जाती हूँ दीदी, फॉर्म जमा करने के पहले.

मी स्कूटी काढली. अंगावर घरचा गाऊन, त्यावर ओढणी टाकली आणि निघाले तशीच. विजय नगरपासून रानीतालपर्यंत तर काही नाही, पण पुढे बाजाराच्या तोंडाशी जी गर्दी लागली! ई-रिक्षा मध्येच थांबलेली, हातगाडी आडवी, एक साहेब गाडीतून उतरून उसाचा रस पीत होते. मी हॉर्नवरचं बोट काढलंच नाही. "भैया, हटो ना! चुनाव का काम है!" असं मी ओरडले. आणि काय सांगू, लोक खरंच हटले! चुनाव का काम म्हटल्यावर त्या गाऊनमधल्या बाईला त्यांनी कोण समजलं असेल कोण जाणे.

दीदी दुकानातच होती. काउंटरवर अस्तराचे दहा रंग पसरून बसलेली, पिशवी मांडीवर आणि पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा. मी तिथं पोचले तेव्हा माझ्या तोंडून शब्दच निघेना. नुसतं "अम्मा का फॉर्म, अम्मा का फॉर्म" एवढंच.

ती घाबरली. "क्या हुआ? अम्मा ठीक हैं न?"

"ठीक हैं! एकदम ठीक हैं! वही तो बात है!"

सगळं ऐकल्यावर तिनं कपाळावर हात मारला. "मैंने भैया से कहा था, अम्मा से पूछ लेना. ये तो उनकी मर्जी का फॉर्म है." तरी तिनं लगेच काढून दिला नाही. म्हणाली, भैयाच्या सांगण्यावर घेतला ही चूक झाली, आता तुमच्या सांगण्यावर परत देणार नाही. अम्मा खुद बोलेंगी तो दूँगी. मला त्या क्षणी तिचा राग आला, पण बोलली ते खरंच होतं.

घरी फोन लावला. आईंनी उचलला. दीदीनं विचारलं, "अम्मा, घर से वोट दोगी कि बूथ पे?"

स्पीकरवर सगळ्या दुकानानं ऐकलं. "बेटा, मैं खुद जाऊँगी. मशीन पे. और सुन, तेरा फोन काहे नहीं उठाती तू?"

दुकानदारसुद्धा हसला. दीदीनं पिशवीतून फॉर्म काढून माझ्या हातात ठेवला. मी तो चार घड्या करून गाऊनच्या खिशात घातला. आणि अस्तराचा रंगही मीच निवडून दिला, कारण तिनं हातात धरला होता तो साफ चुकीचा होता.

खरी मजा त्याच्यानंतर सुरू झाली. उमेदवार ठरले, मशीनवर कोण कितव्या जागी ते पेपरात छापून आलं. मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि त्यावर कोटाची मोठी बटणं एकाखाली एक टाचली, जेवढे उमेदवार तेवढी, आणि सगळ्यात खाली 'कोणीच नको'चं एक. आईंनी पुठ्ठा मांडीवर घेतला, वरून खाली बोट फिरवलं. चेहरा असा फुलला की मला वाटलं आत्ताच मतदान करून येतात की काय.

"आता वाच नावं," म्हणाल्या.

"कोणाचं वाचू?"

"साऱ्यायचं वाच. एकाचंच इचारलं तर तुले समजन ना!"

काय हुशार बाई! मग मी रोज सगळी यादी वाचायची. पहिला कोण, दुसरा कोण, कुकरवाला अपक्ष कितवा, शिवणयंत्रवाला कितवा. आईंनी चारच दिवसांत ती पाठ केली आणि रोजची वंदना ज्या सुरात म्हणतात त्याच सुरात म्हणायला लागल्या. घरात सकाळ-संध्याकाळ उमेदवारांची नावं. हे पेपर तोंडासमोर धरून बसायचे, पण पान उलटत नव्हते, म्हणजे ऐकत होते.

मग सराव. नियम आईंनी केला. मी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आई वरून मोजत यायच्या, बटण दाबायच्या आणि म्हणायच्या, "दाबलं." मग मी तोंडानं मशीनचा आवाज काढायचा, "बीऽऽऽप!" तो आवाज लांब काढला नाही तर त्या रागवायच्या. "मशीन असं भूक लागल्यावाणी नाही वाजत. पुरं वाजव." आणि मी चोरून बघते असा त्यांना दाट संशय. म्हणून दरवेळी वेगळंच बटण दाबायच्या. एकदा मी खरंच मान वळवली, तर म्हणाल्या, "तुयी बांगडी वाजली. तिकडं पाह्य."

एकदा खालच्या 'कोणीच नको'वर बोट ठेवून बराच वेळ हसल्या. "हे बटण तुया सासऱ्याच्या टायमाले पाह्यजे होतं," म्हणाल्या.

मला मात्र धास्ती होती. पुठ्ठा वेगळा, मशीन वेगळी. मशीनवरची बटणं एका बाजूला असतात, नावं दुसऱ्या बाजूला. बोट चुकून एक घर खाली घसरलं तर? आईंना तर कळणारही नाही. मशीनमधली चिठ्ठी काचेत दिसते ती डोळे असलेल्यांना. त्यांच्याजवळ फक्त मोजणं आणि तो आवाज.

मतदानाच्या सकाळी आईंनी बुद्धपौर्णिमेची पांढरी साडी मागितली. मी इस्त्री करून ठेवलेलीच होती. हेच जाऊन ऑटो घेऊन आले. बसताना आईंचा हात धरला, तेवढं मात्र केलं यांनी. शाळेच्या दाराशी चाकांची खुर्ची होती. खुर्चीवाल्यांना रांग नसते, आम्हाला सरळ आत घेतलं. ओळखपत्र बघितलं, नाव मोठ्यानं वाचलं, बोटाला शाई लावली. "लागली का वो चांगली?" आईंनी मला विचारलं. "मस्त लागली," मी म्हटलं.

बूथचे साहेब तरुण होते, घामानं भिजलेले. "अम्मा के साथ कौन जाएगा?"

"मैं. बेटा हूँ," म्हणून हे पुढं झाले. सवयच ती! मी यांचा शर्ट मागून पकडला.

आईंनी खुर्चीतून मान वर केली. "कोई नहीं जाएगा."

साहेब गोंधळले. "पर अम्मा, आपको दिखेगा कैसे?"

"उँगली को दिखता है," आई म्हणाल्या.

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. मग त्यांनी स्वतः खुर्ची पुठ्ठ्याच्या आडोशापर्यंत नेली, आईंचा हात मशीनच्या कडेवर टेकवला, म्हणाले, "यह ऊपर का सिरा है अम्मा," आणि मागे येऊन उभे राहिले. आम्ही इकडे. आम्हाला फक्त आईंची पाठ आणि पांढरा पदर दिसत होता.

काहीच होईना. पंखा फिरतोय, रांगेतले लोक माना वाकवून बघतायत. माझ्या मनात मोजणं चालू, आता पहिलं, आता दुसरं. कोणीतरी मागून म्हणालं, "मदद कर दो भाई बूढ़ी अम्मा की." आईंचा खांदा हलला. परत वर गेला. अगाई, विसरल्या! पुन्हा पहिल्यापासून मोजून राहिल्या! आणि यांना राहवलं नाही. हे ओरडलेच, "आई, वरून दुसरं…"

"चूप बसा जी!" मी अशी ओरडले की बाहेरचा पोलीस आत डोकावला. सत्तावीस वर्षांत मी यांना चारचौघांत कधी असं बोलले नव्हते. साहेबही यांना म्हणाले, "आप बाहर जाइए." हे दारापर्यंत मागे सरकले.

आणि मग वाजलं. बीऽऽऽप! केवढा लांब, केवढा मोठा आवाज! मी असा कधी ऐकलाच नव्हता, दरवेळी मी आवाज संपायच्या आत बाहेर निघालेली असते. आई मात्र तो पूर्ण संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "झालं."

मला रडूच आलं. रांगेतल्या एका मुलीनं टाळी वाजवली, तर साहेबांनी हात वर करून थांबवलं, पण त्यांचाही चेहरा हसरा होता. मी आईंची खुर्ची बाहेर सावलीत नेऊन ठेवली आणि कानाशी वाकून विचारलं, "बरोबर लागलं ना बोट?"

"दोनदा मोजलं," आई म्हणाल्या. "जा, तू दे आता तुयं."

मी आत गेले. आडोशाशी उभी राहिले. खरं सांगते, आजवर मी तिथं उभी राहून दाबलं आणि निघाले एवढंच केलं होतं. त्या दिवशी मी सगळी नावं वाचली, वरपासून खालपर्यंत. कोणी घाई करत नव्हतं. कोणी बघत नव्हतं. आई म्हणाल्या तशीच ती जागा होती. मग मी बटण दाबलं आणि आवाज संपेपर्यंत थांबले.

परत येताना ऑटोत आई मध्ये, मी एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला. हे बाहेर बघत बसले होते. आईंना विचारायची यांची हिंमत नव्हती. घर जवळ आलं तसं मग नेहमीसारखे माझ्याकडे वळले, आवाज जरा नरम. "तू तरी… बरोबर दाबलं ना?"

आईंनी श्वास धरला. मला कळलं, खांद्याला खांदा लागूनच बसलो होतो आम्ही. सत्तावीस वर्षांचं 'हो, दाबलं' माझ्या जिभेवर तयार होतं. मी यांच्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"बीऽऽऽप!" मी म्हटलं.

आईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही त्यात मावेना.